राजा सुस्थितीत, राणीचा हात जोडलेला

४ ऑगस्ट, सोमवार

क्षमाचा फोन मी अजून चार्ज करतो. का, ते सांगता येणार नाही. आज संध्याकाळी त्यावर टिंग झालं. निरोप होता: ‘अक्का, तो कोरीव चौकटीचा आरसा कधी टाकताय? सहा महिने वाट बघतेय. रुसलात काय?’ पाठवणारीचं नाव महानंदा, राजाजीनगर.

हे क्षमाचं लिलावाचं ॲप. घर सजवायच्या जुन्या वस्तू लोक त्यावर विकतात आणि घेतात. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात ते आठ बोली चालते. आठला बंद. बोली कुणाची ते दिसत नाही, नुसता क्रमांक दिसतो. वस्तूखालच्या गप्पा मात्र नावानिशी असतात. क्षमा चार वर्षं यात रमली होती. आठ वाजले की ती हॉलमधून ‘गेली!’ किंवा ‘आली!’ म्हणायची. मी आतून ‘सरी’ म्हणायचो, कानडीतलं ‘बरं’. काय गेली, काय आली, कधी विचारलं नाही.

महानंदाबाईंना काय लिहावं ते कळेना. अर्धा तास लागला. शेवटी लिहिलं: ‘मी क्षमाचा नवरा खंडोजी. क्षमा ११ फेब्रुवारीला वारली. आरसा घरात आहे.’ पाठवल्यावर शेवटचं वाक्य विचित्र वाटलं.

६ ऑगस्ट, बुधवार

महानंदाबाईंचा फोन आला. मूळच्या निपाणीकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आधी तेवढी ओळख सांगितली. मग म्हणाल्या, “आतून सरी म्हणणारे ते तुम्हीच काय?”

मी हो म्हटलं.

“बोली संपली की आम्ही फोनवर असायचो. तुमची सरी मला इकडं ऐकू यायची. अक्का म्हणायची, बघ, आमच्या साहेबांनी पास केलं.”

मला हे माहीत नव्हतं. क्षमाच्या वहीत ‘टाकायच्या’ म्हणून अकरा वस्तूंची यादी आहे, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग टाका की. तिनं निवडून ठेवलेल्या वस्तू आहेत. धूळ खात ठेवू नका.”

१० ऑगस्ट, रविवार

लेक स्मृती आली होती. इलेक्ट्रॉनिक सिटीहून बसने दोन तास. उद्यापासून त्यांच्याकडे मेट्रो सुरू होते आहे, आता दर आठवड्याला येईन म्हणाली.

जेवण झाल्यावर तिला विचारलं, माळ्यावरची पट्टद जोडी तू घेऊन जातेस का? दसऱ्याला बाहुल्या मांडतात त्यातली मानाची जोडी, लाकडी राजा आणि राणी. क्षमाला तिच्या आईने, रत्नाबाईंनी, लग्नात दिली होती. आमच्याकडे ती आईकडून मुलीकडे जाते. यंदा वर्ष पुरं व्हायचं आहे, त्यामुळे बाहुल्या मांडायच्या नाहीत. पुढच्या वर्षी मला एकट्याला ते जमायचं नाही.

स्मृती म्हणाली, “मला नको, अप्पा.”

“जागा नाही का?”

“जागेचं नाही. असं नसतं ते. नको.”

मग ती भांडी घासायला गेली. दोन ताटं आणि एक पातेलं होतं. नळ बराच वेळ चालू होता. पाणी जपून वापरायला तिला सांगायला हवं.

१३ ऑगस्ट, बुधवार

आरसा टाकला. वस्तूचं वर्णन लिहायचं असतं. इतरांचं वाचून पाहिलं. सगळे ‘अतिसुंदर’, ‘दुर्मीळ’, ‘तुमच्या घराची शान’ असं लिहितात. वस्तूत काय बिघडलं आहे ते कुणीच लिहीत नाही. मी पस्तीस वर्षं कारखान्यात तपासणी विभागात काढली. दोष नोंदवल्याशिवाय माल पुढे पाठवणं मला जमत नाही. माझं वर्णन इंग्रजीत टाकलं, इथे मराठीत उतरवून ठेवतो:

‘आरसा, सागवानी चौकट, उंची तीन फूट. दोष १: खालच्या उजव्या कोपऱ्यात पारा उडाला आहे, नाण्याएवढा. दोष २: चौकटीवर, जमिनीपासून साधारण पाच फुटांवर येईल अशा जागी टिकल्यांच्या डिंकाचे डाग. स्पिरिटने पुसून पाहिले, पूर्ण गेले नाहीत. दोष ३: आरसा थोडा पुढे झुकतो. माझी पत्नी उंचीने कमी होती, तिला दिसावं म्हणून खिळा तसा ठोकला होता. नवीन खिळा ठोकल्यास सरळ होईल.’

तक्रार येऊ नये म्हणून सगळं लिहिलेलं बरं.

१६ ऑगस्ट, शनिवार

आरसा गेला. मी ठरवलेल्या किमतीच्या तिप्पट. दोष लिहिल्यावर किंमत पडायला हवी होती.

शेवटची दोन मिनिटं काही वेगळीच असतात. आकडा थांबतो, वाटतं संपलं, आणि परत हलतो. खाली लोक एकमेकांची थट्टा करत असतात. कुणी सुधींद्र म्हणून आहेत, त्यांनी लिहिलं, ‘महानंदा अक्का, बँकेतली पासबुकं काढा.’ महानंदाबाईंनी उत्तर दिलं, ‘तुमच्या बायकोला सांगते किती घड्याळं लपवलीत ते.’ मी घरात एकटाच हसलो. आवाज मोठा वाटला.

आरसा महानंदाबाईंनाच मिळाला. माणूस न्यायला आला, त्याच्याबरोबर निरोप होता की डिंकाचे डाग पुसायचे राहिले असतील तर तसेच असू द्या. त्यांना बहुतेक स्पिरिटच्या वासाचा त्रास होतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

पितळी पोपटदिवा गेला. वर्णनात लिहिलं होतं: ‘साखळीची एक कडी बदललेली. मूळ कडी २०११ साली तुटली. पत्नी दिवा लावताना स्टुलावर चढायची, मी स्टूल धरायचो. त्या दिवशी मी धरलं नव्हतं. तिला लागलं नाही. दिव्याच्या चोचीला पोचा आला, तो तसाच आहे.’

गप्पांमध्ये एकानं विचारलं, ‘तुमची पुढची वस्तू कधी?’ महानंदाबाईंनी लिहिलं, ‘यांचे दोष वाचायला मी चहा घेऊन बसते.’ दोषांत वाचण्यासारखं काय असतं? पण बुधवार-शनिवारची वाट पाहतो खरी. दुपारपासूनच फोन हाताशी ठेवतो. वस्तू पुसताना, फोटो काढताना, तिने ती कुठे ठेवली होती, कुठल्या सणाला बाहेर काढली होती, ते एकेक आठवतं. इतर वेळी आठवायला बसलो तर काही येत नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

गौरी. यंदा सण नाही. शेजारून ओबट्टू आले, पुरणपोळ्याच त्या. क्षमा डबा रिकामा परत करत नसे, साखर घालायची. मी साखर घातली. फार घातली बहुतेक. शेजारच्या बाई डबा हातात घेऊन स्वल्प थांबल्या आणि आत गेल्या.

६ सप्टेंबर, शनिवार

आज मी पहिल्यांदा काहीतरी विकत घेतलं. दाराला लावायची पितळी घंटा, वीतभर. गरज काही नव्हती. पण क्षमाच्या ‘पसंत’ यादीत ती दोन वर्षांपासून होती आणि कुणीतरी परत विकायला काढली होती. सात एकोणसाठला माझी बोली वर होती. आठ वाजले.

मी हॉलमध्ये उभा राहून “आली!” म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

मग आतल्या खोलीत जाऊन दिवा लावला.

१० सप्टेंबर, बुधवार

यादीतली अकरावी वस्तू गेली. कृष्णाचा तंजावर पद्धतीचा फोटो. दोष: काचेच्या आत एक मुंगी, चौकट उघडल्याशिवाय काढता येणार नाही. स्मृती लहान असताना तिला ही मुंगी कृष्णाने पाळलेली वाटायची. बोली छान चढली.

सुधींद्रांनी लिहिलं, ‘शनिवारी काय, खंडोजीराव?’ मी लिहिलं, ‘बघतो.’ बघण्यासारखं काही उरलेलं नाही. भिंतीवर खिळे आहेत. शनिवारी सात वाजता मी काय करणार ते माहीत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

काल माळ्यावरून ट्रंक काढली. राजाराणी दोघं मलमलीत गुंडाळलेली होती. राजाला काहीही झालेलं नाही, रंगसुद्धा उडालेला नाही. राणीचा डावा हात मनगटापासून जोडलेला आहे. २००४ साली माळ्यावरून काढताना माझ्या हातून पडली. क्षमाने चिकटवली आणि आपल्या आईला सांगितलं, ‘माझ्याच हातून पडली.’ ती सांध्याची रेघ बांगडीखाली लपते.

स्मृतीला नको आहे. ट्रंकेत ठेवून तरी काय? टाकायचं ठरवलं. कारखान्यात चांगला नग आणि दुरुस्त केलेला नग एका ट्रेमध्ये ठेवायचे नाहीत हा पहिला नियम. त्याप्रमाणे राजा आज टाकला, राणी बुधवारी टाकणार होतो. राजाच्या वर्णनात लिहिण्यासारखं फार नव्हतं. ‘सुस्थितीत. दोष नाही.’

योगीराज म्हणून एकांनी घेतला. इंदिरानगरमधल्या कॉफीच्या दुकानांची सजावट करतात. त्यांचा माणूस साडेआठच्या आत येऊन घेऊनही गेला. मी वर्तमानपत्रात गुंडाळून, खोक्यात भरून दिला. वर बाण काढला, ही बाजू वर.

माणूस गेल्यावर महानंदाबाईंचा फोन. आज मी उशिरा पाहिलं, म्हणाल्या.

“राजा एकटाच टाकलात?”

“राणी बुधवारी. तिचा हात जोडलेला आहे, म्हणून वेगळी.”

त्या म्हणाल्या, “खंडोजीराव, तुम्ही कारखान्यात काय बनवत होता?”

“बेअरिंग.”

“तरीच. अहो, पट्टद जोडी कुणी सोडवतं काय? विकायची नाही ते नाहीच, पण विकलीच तर दोघांना एकत्र. चार वर्षं अक्का मला सांगत होती, कितीही बोली आली तरी ही जोडी ॲपवर यायची नाही, ही माझ्या पोरीची.”

मी म्हटलं, “पोरीला नको आहे.”

“तिनं तसं म्हटलं?”

“हो.”

“आणि तुम्ही तेवढंच ऐकलं,” त्या म्हणाल्या. फोन ठेवताना त्यांनी नेहमीसारखं ‘येते’ म्हटलं नाही.

राणी टेबलावर आहे. तिच्या उजवीकडची जागा मोकळी ठेवली आहे. तिथे माझा चष्मा ठेवला होता, तो उचलला.

१७ सप्टेंबर, बुधवार

ॲपचा नियम आहे, विकलं ते विकलं. नियम मोडायला सांगणं मला आयुष्यात जमलेलं नाही. तरी मार्केटहून मेट्रो घेऊन, मॅजेस्टिकला बदलून इंदिरानगरला गेलो. कॉफीचं दुकान सापडलं. भिंतीवर लांब फळी आहे. त्यावर जुना टाइपरायटर, कुंडीतलं रोप, आणि मध्ये राजा. त्याचं तोंड दाराकडे.

योगीराज तिथेच होते. बेळगावकडचे, तिशीतले, बोलायला मऊ. “सर, तुम्ही स्वतः आलात. बघा, कसा दिसतो?”

मी म्हटलं, “छान.”

“काही बोलायचं होतं काय, सर?”

मी म्हटलं, “कॉफी.”

कॉफी प्यायलो आणि परत आलो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा गेलो. राजाच्या कमरेचा शेला सुटून फळीवर लोंबत होता. क्षमा दरवर्षी दोघांना नवे कपडे शिवायची. गेल्या वर्षीचा हा शेला तिच्या पिवळ्या साडीच्या काठाचा. हात पोचला नाही.

“सर, इथली कॉफी आवडली वाटतं,” योगीराज म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. ती फार कडू असते.

२१ सप्टेंबर, रविवार

स्मृती आली. आत शिरल्या शिरल्या टेबलाकडे बघितलं.

“अप्पा, राणी एकटीच का?”

सांगितलं. वेगळं का टाकलं तेही सांगितलं. ती खुर्चीत बसली. रागावेल असं वाटलं होतं, पण राणीच्या बांगडीवरून बोट फिरवत राहिली.

“मग आता?”

“विकलं ते विकलं. आता काही करता येत नाही.”

“सरी,” ती म्हणाली.

जेवताना तिने विचारलं की दुकान कुठलं, घेणाऱ्याचं नाव काय. मग ॲपचं नाव विचारून ते आपल्या फोनवर उतरवून घेतलं. महानंदाबाईंचा नंबरही घेतला. तिच्या खोलीत भिंतीला लावायला काहीतरी बघते म्हणाली. बरं वाटलं. आईचा नाद तिला लागला तर चांगलंच आहे.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज बाहुल्या बसल्या सगळीकडे. समोरच्या घरातून मुलांची गाणी ऐकू येत होती. सगळ्यांच्या घरी जाऊन बाहुल्या बघायच्या आणि हातात खाऊ घेऊन यायचं. आमच्या दारावरून मुलं गुपचूप गेली. त्यांना सांगून ठेवलं असणार.

योगीराजांनी ॲपवर विचारलं आहे: ‘राजाला जोडीची राणी कुणाकडे आहे का? चांगली किंमत देऊ.’

दिवसभर विचार केला. क्षमाला विचारता येत नाही, स्मृतीला नको आहे, राजा परत मागायला तोंड उघडत नाही. राणी त्यांना दिली तर निदान दोघं एकत्र राहतील. कडू कॉफीच्या दुकानात का होईना.

२४ सप्टेंबर, बुधवार

राणीला पिशवीत घेऊन गेलो. वर टॉवेल टाकला होता. मेट्रोत बसायला जागा मिळाली, पिशवी मांडीवर घेतली.

दुकानात फळीसमोरचंच टेबल मिळालं. राणीला बाहेर काढून टेबलावर उभी केली. द्यायला आणली होती. म्हणजे तसंच ठरवून निघालो होतो. तिचं तोंड फळीकडे केलं. मग मला पुढचं काही सुचेना. कॉफी आली ती तशीच राहिली.

योगीराज जवळ आले. राणीकडे बघितलं, राजाकडे बघितलं. “सर, हीच ती?”

मी म्हटलं, “ही विकायची नाही.”

ते समोरच्या खुर्चीत बसले. “मग आणलीत कशाला?”

मी म्हटलं, “नऊ दिवस दोघं एकत्र असतात.”

त्यांनी हात कपाळाला लावला. “सर, तुम्ही तीनदा आलात. पहिल्याच दिवशी का नाही बोललात?”

“नियम आहे ना.”

“आहेच. आणि वस्तू आता दुकानमालकाची आहे, मी अशी उचलून देऊ शकत नाही. पण एक करतो. सजावट बदलायची म्हणून शनिवारच्या लिलावात टाकतो. तेवढं माझ्या हातात आहे. तुम्ही बोली लावा. पण सर, ॲपवर शहरभरची माणसं असतात. मिळेलच असं सांगू शकत नाही.”

निघताना त्यांनी स्वतः स्टूल घेऊन राजाचा शेला नीट खोचला.

२७ सप्टेंबर, शनिवार

सकाळी महानंदाबाईंना फोन करून विचारलं, राजा मिळेल का; ‘बोली लावा,’ एवढंच म्हणाल्या. दुपारी स्मृती अचानक आली. तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीकडे पाहुणे आहेत म्हणाली. मला जरा अडचणच झाली. लिलावाचं मी तिला सांगितलेलं नाही. नाही मिळाला तर उगाच तिला दुसऱ्यांदा सांगावं लागेल. पण साडेसहाला तीच म्हणाली, “अप्पा, सात ते आठ माझी ऑफिसची मीटिंग आहे. दार लावून घेते. आत येऊ नका.” शनिवारीही यांना सोडत नाहीत.

मी हॉलमध्ये बसलो. माझा क्रमांक सतरा. योगीराजांनी वर्णन माझंच टाकलं होतं: ‘सुस्थितीत. दोष नाही.’

सुरुवातीला पाच-सहा जण होते. साडेसातपर्यंत दोघं उरलो. मी आणि क्रमांक एकतीस. मी शंभराने वाढवलं की तो पाचशेने वाढवायचा. विचार करायलासुद्धा थांबत नव्हता. मी विकला त्याच्या दुप्पट झाली, तिप्पट झाली. खाली सुधींद्रांनी लिहिलं, ‘हे दोघं वेडे कोण आहेत?’ महानंदाबाई एरवी गप्प बसत नाहीत, आज एक अक्षर लिहिलं नाही.

आतून स्मृतीच्या फोनची टिंग टिंग ऐकू येत होती. तिच्या मीटिंगमध्येही बरंच काही चाललं असावं.

क्षमाने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे: ‘शेवटच्या दोन मिनिटांत रागाने बोली लावायची नाही.’ मला राग आला होता. या एकतिसाला ही वस्तू काय आहे हे तरी माहीत आहे का, असं वाटलं. कुठल्यातरी फळीवर, कुंडीशेजारी ठेवणार. मी वाढवत गेलो. पैसे माझ्याकडे होते. पेन्शन मी खर्च करतो कशावर?

सात अठ्ठावन्नला मी मोठा आकडा टाकला. आता सोडेल. क्षणभर काही हललं नाही. आतली टिंगही थांबली होती. मग त्याने हजाराने वाढवलं.

तेव्हा माझं बोट थांबलं. समोरच्या माणसाला हा राजा इतका हवा आहे. का ते मला माहीत नाही, पण खोटी बोली अशी चढत नाही. कुणाकडे तरी एकटी राणी असेल. असेल की नाही? ज्याला इतका हवा आहे तो फळीवर टाकून देणार नाही, शेला नीट खोचेल. मी शोधत होतो तो दोष या माणसात नव्हता.

आठ वाजले. एकतीस.

मी फोन पालथा ठेवला. राणीला मलमलीत गुंडाळायला घेतलं.

दार उघडून स्मृती बाहेर आली. डोळे लाल होते. तासभर स्क्रीनकडे बघून होतात. “अप्पा, कॉफी करू?” म्हणाली. मी नको म्हटलं. तरी तिने केली, आणि साखर जास्त घातली, माझ्यासारखीच.

२८ सप्टेंबर, रविवार

स्मृती सकाळीच गेली. गुरुवारी सुट्टी आहे, येते म्हणाली. योगीराजांचा निरोप आला: ‘सर, काळजी करू नका.’ शिष्टाचार म्हणून लिहिलं असेल. चांगला माणूस आहे.

दिवसभर काही केलं नाही. फोन चार्ज केला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

विजयादशमी. स्मृती पाच वाजता आली. ऑफिसची पाठीवरची बॅग टेबलावर ठेवली, चेन उघडली, आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. टॉवेल उलगडायच्या आधीच पिवळा काठ दिसला.

मी विचारलं, “कुठून?”

“इंदिरानगर. शनिवारी घेतला लिलावात. तुम्हाला सांगणार होते, पण एक सतरा नंबरचा माणूस इतका मागे लागला होता की मिळतो की नाही, शेवटपर्यंत कळेना. शिव्या दिल्या त्याला मी आत बसून.”

मी खुर्चीत बसलो. “मीटिंग?”

“तीच.”

माझा फोन मी तिच्यापुढे ठेवला. सतरा क्रमांक अजून त्यावर होता. तिने वाचलं. परत वाचलं. मग तोंडावर हात धरून ती जी हसायला लागली ती थांबेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी पाणी आणलं. दुसरं काय करावं ते मला येत नाही.

बऱ्याच वेळाने तिने महानंदाबाईंना फोन लावला. तो ठेवून म्हणाली, “महानंदा मावशींना माहीत होतं. शेवटच्या दिवशी आपण दोघांनीही त्यांनाच फोन केला होता म्हणे, मिळेल का विचारायला. दोघांनाही त्यांनी सांगितलं नाही.”

“का?”

“म्हणाल्या, तुम्ही एका घरातली माणसं. तुमचं तुम्ही विचारा.” तिने नाक पुसलं. “शेवटी का सोडलात, अप्पा? मी थांबणारच होते. माझ्याकडे पुढे नव्हतेच.”

“समोरच्याला जास्त हवा आहे असं वाटलं.”

ती राजाचा शेला उगाचच सरळ करत राहिली. मी विचारलं, “तुला नको होती ना जोडी?”

“लग्नात आई माझ्या हातात देणार होती. तुम्ही ‘घेऊन जातेस का’ विचारलंत, जेवण झाल्यावर, पाणी पिता पिता. मी घेतली असती तर ते झालंच ना. मग आईनं द्यायचं काही राहिलंच नसतं.”

हे मला ऑगस्टमध्ये कळायला हवं होतं. नळ चालू होता तेव्हा.

मग मी म्हटलं, “यंदा मांडायच्या नाहीत.”

“मांडत नाही. पण आज दशमी आहे. निजवायला काय हरकत?”

दशमीच्या संध्याकाळी आरती झाली की क्षमा राजाराणीला फळीवर आडवं करायची आणि त्यांच्यावर रत्नाबाईंच्या लुगड्याचा तुकडा पांघरायची. नऊ दिवस उभी राहून दमतात, म्हणायची. तीस वर्षं मी त्या वेळी आतच असायचो. कोण कुठल्या बाजूला, हे मला माहीत नव्हतं. स्मृतीला विचारावं लागलं.

“राणी राजाच्या उजवीकडे. जोडलेला हात आत.”

“का?”

“बाहेर राहिला तर कुणाचा तरी धक्का लागून परत तुटेल. आई तुमचं नाव घेऊन सांगायची.”

तुकडा ट्रंकेच्या तळाशी होता. तिने एक टोक धरलं, मी दुसरं. दोघांच्या गळ्यापर्यंत ओढला. जोडी तूर्त माझ्याकडे ठेवायची असं ठरलं. किती दिवस, ते दोघांनीही विचारलं नाही.

नंतर मी भाताला कुकर लावायला आत गेलो. ती हॉलमध्ये फोन घेऊन बसली होती. दसऱ्यानिमित्त आज खास लिलाव होता, मी विसरूनच गेलो होतो. आठ वाजले तेव्हा बाहेरून आवाज आला, “आली!”

मी आतून “सरी” म्हटलं.

मग गॅस बारीक केला आणि काय आली ते विचारायला बाहेर गेलो.